जन्मठेप, पॅरोल आणि लोकांचा विश्वास

मुंबईतील महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात २०१३ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत दोन सामूहिक बलात्कार झाले. तिघे आरोपी दोन्ही गुन्ह्यांत सामील होते. सत्र न्यायालयाने ४ एप्रिल २०१४ रोजी त्यांना फाशीची शिक्षा सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ती रद्द करून मरेपर्यंत कारावासाची शिक्षा दिली. फाशी टळली याचे काहींना समाधान वाटले, तर काहींना संताप आला. पण त्या निकालातील खरे लक्षणीय वाक्य वेगळेच होते. या तिघांना पॅरोल वा फर्लो यांपैकी कोणतीही रजा मिळणार नाही, कारण ते समाजात परत येण्यास पात्र नाहीत, असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. जन्मठेप म्हणजे जन्मभर, हे न्यायाधीशांना शिक्षापत्रात वेगळे लिहावे लागते, याचाच अर्थ असा की जन्मठेप या शब्दावरचा लोकांचा विश्वास उडाला आहे आणि ही गोष्ट न्यायासनालाही ठाऊक आहे.

याच खटल्याने आणखी एक विसंगती उघडी पाडली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर दंडसंहितेत ३७६-ई हे कलम घालण्यात आले. बलात्काराच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला मनुष्य पुन्हा तोच गुन्हा करील तर त्याला मरेपर्यंत कारावास अथवा फाशी देण्याची त्यात तरतूद होती. नव्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ७१ म्हणून कायम आहे. परंतु शक्ती मिल खटल्यांत दोन्ही गुन्ह्यांबद्दलचे दोषनिर्णय एकाच दिवशी लागले. मग हे तिघे 'पूर्वी दोषी ठरलेले' कसे, असा प्रश्न बचाव पक्षाने उपस्थित केला. जुलैमधील तरुणीची तक्रार पोलिसांपर्यंत आली ती ऑगस्टमधील गुन्ह्याचा गाजावाजा झाल्यानंतर. म्हणजे गुन्हा दोनदा घडला होता, पण सरकारी दप्तरात तो पहिल्यांदा नोंदला गेला तेव्हा दुसराही होऊन चुकला होता. सामान्य माणसाच्या लेखी सराईत गुन्हेगार म्हणजे ज्याने पुन्हा पुन्हा गुन्हा केला तो, तर कायद्याच्या लेखी ज्याला पूर्वी शिक्षा झाली तो. या दोन व्याख्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातच लोकांच्या वैफल्याचा मोठा भाग सामावलेला आहे.

कायद्याची स्मरणशक्ती आणखी एका बाबतीत चमत्कारिक आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ७५ अन्वये दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास वाढीव शिक्षा देता येत असे. अगदी दहा वर्षांपर्यंत वा जन्मठेपेपर्यंत. मात्र हे कलम खोटी नाणी व मालमत्ता यांसंबंधीच्या प्रकरणांपुरतेच होते. चोरी, दरोडा, फसवणूक, बनावट नाणे. यांतील जुना दोष कायदा विसरत नसे. मनुष्याच्या शरीराविरुद्धचे गुन्हे ज्या प्रकरणात येतात, त्याचा त्या कलमात उल्लेख नव्हता. एखाद्याने दोनदा कोणाचे हातपाय मोडले तर न्यायाधीश आपल्या विवेकाने शिक्षा वाढवू शकत, पण कायदा स्वतःहून काही म्हणत नसे. ब्रिटिश राज्यकर्त्यांना रयतेच्या हाडांपेक्षा नाण्यांची काळजी अधिक होती, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. पण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेच्या कलम १३ मध्येही हीच रचना जशीच्या तशी उतरली आहे. बलात्कार, जन्मठेपेच्या कैद्याने केलेला खून असे मोजके अपवाद सोडले, तर हिंसक गुन्ह्यांची पुनरावृत्ती हा आपल्या दंडनीतीत स्वतंत्र विचाराचा विषय अद्याप झालेलाच नाही.

जन्मठेपेबद्दलचा 'चौदा वर्षांचा' समज तर इतका दृढ आहे की शिक्षितही त्यातून सुटलेले नाहीत. वस्तुतः गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले होते की जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले सर्व आयुष्य; सरकारने शिक्षेत सूट दिली तरच त्याची सुटका होईल. पुढे अनेक राज्यांत सरकारे आठ-दहा वर्षांतच खुनी कैद्यांना सोडू लागली, तेव्हा १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-ए हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याने किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढलीच पाहिजेत, एवढेच ते कलम सांगते. चौदा वर्षे ही किमान मर्यादा होती. लोकांनी आणि पुष्कळदा शासनानेही ती कमाल मर्यादा मानली. २००८ साली श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि चौदा वर्षे यांच्यामधली दरी मोठी आहे असे म्हणून एक मधला मार्ग काढला: सरकारला सूट देताच येणार नाही अशी दीर्घ वा आमरण कैद. २०१५ साली घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. शक्ती मिलचा निकाल हा याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. न्यायालयांनी असे आपल्या हाती कुलूप घेणे कितपत योग्य, याबद्दल मतभेद आहेत. पण कारभारावर भरवसा असता तर त्यांना तसे करण्याची गरज भासली नसती.

रजेचा अर्थ

आता पॅरोलविषयी. ज्यांना संताप येतो त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पॅरोल, फर्लो, जामीन आणि शिक्षेतील सूट यांची सरमिसळ झालेली असते, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. दाराबाहेर आलेला गुन्हेगार कोणत्या कागदावर बाहेर आला, हे शेजाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो. मुंबई फर्लो व पॅरोल नियम १९५९ सालचे आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा. ती चांगल्या वर्तनावर मिळते आणि नियमांचा भंग न झाल्यास ते दिवस शिक्षेतच मोजले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ती घरातील मृत्यू, गंभीर आजार यांसारख्या कारणासाठी, आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींमागचा विचार असा की ज्याला आज ना उद्या परत यायचेच आहे, त्याचे घराशी व समाजाशी असलेले नाते पार तुटू देऊ नये.

हा विचार चुकीचा नाही, आणि महाराष्ट्राने तरी त्याची टवाळी करू नये. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत स्थापन झाली. खुनाच्या गुन्ह्यातील कैद्यांना भिंतीविना, बेड्यांविना तेथे शेती करावयास दिली गेली. शांताराम बापूंच्या 'दो आँखे बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला या प्रयोगाचीच प्रेरणा होती आणि त्याची कथा त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांची होती. ही वसाहत आजही चालू आहे. रजेवर गेलेल्या कैद्यांपैकी बहुसंख्य ठरल्या दिवशी कारागृहाच्या दाराशी येऊन हजर होतात, हेही खरे आहे. मात्र स्वतंत्रपूरच्या प्रयोगात एक गोष्ट मुळातच होती, जी रजेच्या कारभारात नाही. तेथे पाठवावयाचा कैदी कोण, हे त्याला वर्षानुवर्षे जवळून पाहिलेला माणूस ठरवीत असे, आणि तो चुकला तर उत्तर द्यावयासही तोच बांधलेला असे.

रजेच्या अर्जाचा प्रवास पाहिला म्हणजे फरक कळतो. कैदी कारागृहातून अर्ज देतो. तो त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. ठाण्यातला अंमलदार नातेवाइकांना व जामीनदाराला बोलावतो आणि ठरीव साच्यातला अहवाल पाठवितो: एक तर 'हरकत नाही', किंवा 'कैदी बाहेर आल्यास शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे'. या दुसऱ्या वाक्यावर, त्यामागे कोणतीही चौकशी नसताना ते यांत्रिकपणे लिहिले जाते म्हणून, उच्च न्यायालयाने अनेकदा ताशेरे मारले आहेत. परिणामी ज्या गरिबाला जामीनदार मिळत नाही तो आई वारली तरी आतच राहतो, आणि ज्याच्या मागे पैसा व माणसे आहेत त्याच्या अर्जातील प्रत्येक कागद वेळेवर व बिनचूक असतो. कैदी किती धोकादायक आहे हा प्रश्न या सगळ्या कागदांत कोठे विचारलेलाच नसतो; विचारला जातो तो त्याच्या मागे कोण उभे आहे हा.

वडाळ्यातील एका तरुण स्त्री वकिलाचा ऑगस्ट २०१२ मध्ये तिच्या राहत्या इमारतीच्या रखवालदाराने खून केला. २०१४ साली त्याला जन्मठेप झाली. नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहातून २०१६ च्या आरंभी आईच्या आजारपणाच्या कारणाने त्याला पॅरोल मिळाला आणि तो परतलाच नाही. शिक्षा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो जम्मू-काश्मीरमध्ये पुन्हा पकडला गेला. मधल्या काळात, २०१६ सालीच, राज्य सरकारने रजेचे नियम कडक केले आणि बलात्कारासह काही गुन्ह्यांतील कैद्यांना संचित रजेतून वगळले. एका फरारी कैद्यामुळे हजारोंचे नियम बदलणे ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. ज्या अधिकाऱ्याने ज्या कागदांवरून त्याला सोडले ते कागद मात्र लोकांसमोर आले नाहीत, आणि येण्याची पद्धतही नाही.

हरियानात दृश्य निराळे आहे. तेथे २०१७ साली बलात्काराबद्दल वीस वर्षांची शिक्षा झालेला डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम पॅरोल व फर्लोवर वारंवार बाहेर आला. २०२२ मध्ये पंजाबच्या आणि २०२४ मध्ये हरियानाच्या विधानसभा निवडणुकांच्या तोंडावरही. नियमांत बसवूनच हे सारे झाले, असे सरकारतर्फे सांगितले गेले. ते खरे असेलही. पण नियम कोणाच्या बाबतीत इतके तत्परतेने लागू होतात, हे लोक पाहत असतात, आणि कायद्याविषयीचा आदर किंवा अनादर ते नियमपुस्तक वाचून ठरवीत नाहीत.

जिला कोणी विचारले नाही

या साऱ्या कारभारात जिच्यावर वा ज्याच्यावर गुन्हा घडला, ती व्यक्ती कोठे असते? याचे उत्तर बिल्किस बानो खटल्याने दिले आहे. गुजरातेतील २००२ च्या दंगलीतील त्या अत्याचारांचा व हत्याकांडाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत वर्ग केला आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने १९९२ च्या धोरणानुसार त्या अकराही जणांना सोडले. कारागृहाबाहेर त्यांना हार घातले गेले, पेढे भरविले गेले. मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनी आणि तपास करणाऱ्या केंद्रीय संस्थेने सुटकेविरुद्ध मत दिले होते, ही माहिती पुढे न्यायालयात उघड झाली. सुटकेपूर्वीच हे कैदी पॅरोल, फर्लो व तात्पुरता जामीन मिळून प्रत्येकी सुमारे हजार दिवस बाहेर राहिलेले होते, हेही तेथेच कळले. ज्या स्त्रीने वीस वर्षे हा खटला लढविला, तिला सुटकेची बातमी इतरांसारखीच, घडल्यानंतर कळली. आपल्या सुरक्षिततेचा विचार करून कोणी आपल्याला काही विचारले नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा मुंबईत झाली असल्याने सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, असा तो निर्णय होता. त्याच महिन्यात अकराही जण गोध्र्याच्या कारागृहात परत हजर झाले.

लोकांना कठोर शिक्षा हवी असते, दयेची त्यांना चीड आहे, असे या संतापाचे निदान सामान्यतः केले जाते. ते वरवरचे आहे. मराठी माणसाने सुधारलेल्या गुन्हेगाराच्या गोष्टी नेहमीच आवडीने ऐकल्या आहेत. वाल्याचा वाल्मीकी येथे कीर्तनातून घरोघर पोहोचला आहे. राग दयेचा नसून ती अंधारात, कारण न सांगता, आणि ज्याने भोगले त्याला न विचारता वाटली जाते याचा आहे.

हा राग साचत गेला म्हणजे काय होते, ते नागपूरने पाहिले आहे. कस्तुरबा नगर वस्तीत खून, बलात्कार, खंडणी यांचे थैमान घालणारा अक्कू यादव वारंवार पकडला जाई आणि वारंवार सुटून येई. येथे प्रश्न पॅरोलचा नव्हता. तो शिक्षेपर्यंत पोहोचतच नसे. तक्रार करणाऱ्या बाईच्या दाराशी तोच पुन्हा उभा राही. १३ ऑगस्ट २००४ रोजी भर न्यायालयात वस्तीतील स्त्रियांच्या जमावाने त्याला ठार मारले. या प्रकरणातील आरोपी पुढे २०१४ साली पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या दिवशी जे घडले त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु त्या स्त्रिया रानात वा गल्लीत दबा धरून बसल्या नाहीत. त्या न्यायालयात गेल्या. ज्या इमारतीने त्यांना वर्षानुवर्षे काही दिले नाही, तिच्याच आत जाऊन त्यांनी हे केले, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

अशा दादांसाठी शासनाकडे जी हत्यारे आहेत, तीही शिक्षेला वळसा घालणारीच आहेत. एक तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्यान्वये गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते. शेजारच्या जिल्ह्याने काय पाप केले, हे त्या आदेशात लिहिलेले नसते. दुसरे हत्यार १९८१ च्या झोपडपट्टीदादाविरोधी कायद्याखालील स्थानबद्धतेचे. तिची मुदत कमाल एक वर्षाची. दोन्हींत खटला नाही, दोषसिद्धी नाही, आणि म्हणून 'पूर्वी दोषी ठरलेला' असा शिक्काही नाही. वर्ष संपते आणि तो जुन्याच ओट्यावर येऊन बसतो.

उपाय फार दूर शोधावे लागणार नाहीत. काही तर कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलेच आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम होते व ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे: गंभीर गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला राहण्याचा पत्ता व त्यातील प्रत्येक बदल कळवीत राहावे, असा आदेश न्यायालय शिक्षेबरोबरच देऊ शकते. सराईत गुन्हेगाराला बेमुदत डांबून ठेवणे आणि त्याला गर्दीत सोडून विसरून जाणे, या दोन टोकांमधला हा साधा मार्ग. शिक्षापत्रांत असा आदेश क्वचितच आढळतो. शिक्षा किती द्यावी यासाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, असे न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ साली सुचविले होते. तीही झाली नाहीत. सारख्याच गुन्ह्याला एका न्यायालयात सात वर्षे आणि दुसऱ्यात दहा, याचे स्पष्टीकरण वकिलाला देता येत नाही, मग शाळामास्तराला कसे देता येणार?

पीडितांच्या बाबतीत तर नमुनाच तयार आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन, २६ जानेवारी २०१६ पासून, १५-ए हे कलम आले. या कायद्याखालील कार्यवाहीत जामीन, सुटका, पॅरोल, दोषनिर्णय वा शिक्षा, यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्याने दिला. नवी नागरिक सुरक्षा संहिता तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळविण्यास पोलिसांना बांधून घेते. शिक्षा भोगणारा रजेवर येतो आहे हे कळविण्याचे तसे बंधन मात्र तिने घातलेले नाही. जो हक्क एका कायद्याने दहा वर्षांपूर्वी मान्य केला, तो खून, बलात्कार, दरोडा अशा प्रत्येक हिंसक गुन्ह्यातील पीडिताला देण्यास कोणते तत्त्व आड येते? पीडिताला नकाराधिकार द्या असे कोणी म्हणत नाही. सूड हा सुटकेचा निकष होऊ शकत नाही, आणि निर्णय अखेर शासनानेच घ्यावयाचा आहे. पण तो लेखी कारणांसह घेतला जावा, त्या कारणांखाली अधिकाऱ्याचे नाव असावे, आणि ज्या गल्लीत कैदी परत येणार आहे त्या गल्लीत राहणाऱ्या फिर्यादी स्त्रीला ते आधी कळावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

यास खर्च येतो आणि माणसे लागतात, हे खरे. २०२२ अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे पावणेसहा लाख बंदी होते आणि त्यांतील चारांपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा दोष अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे असे होते. जो तुरुंगाधिकारी दिवसभर कच्च्या कैद्यांना न्यायालयात पाठविण्याच्या व परत मोजून घेण्याच्या कामात गुंतलेला आहे, त्याने जन्मठेपेच्या कैद्याच्या मनात काय बदल झाला आहे हे केव्हा पाहावे? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने निर्माण झालेला परिवीक्षा अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात आहे. रजेवरील कैद्याच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन येण्याचे काम त्याच्याकडे देता येईल, परंतु त्यासाठी आधी त्याच्या हाताखाली माणसे व प्रवासभत्ता द्यावा लागेल. विधानसभेत या मागणीसाठी सभात्याग झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. फाशीच्या मागणीसाठी मात्र दर दोन वर्षांनी होतो.